पाणी आलं का?

१

मासे पाळायची हौस मला कधीच नव्हती. रायपूरजवळ उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये पहाटेपासून लाल लोखंड बघणाऱ्या माणसाला घरी आल्यावर पलंग दिसला की पुरे होतं. पण आमची मंजिरी चार वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती, आणि अशा लेकराच्या आईबापांना कुणी काही सुचवलं की ते करून बघतात. नवस झाले, ताईत झाला, वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. वेखंडाचं बोट तिनं कडकडून चावलं, एवढाच काय तो परिणाम.

कान ठणठणीत होते तिचे. गळाही चांगला होता. हसली तर खदखदून हसायची, रडली की उचक्या देत रडायची, आणि खेळताना एकटीच घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत असायची. शब्द तेवढा नव्हता. शंकर नगरात एक बाई मुलांना बोलायला शिकवायच्या, त्यांच्याकडे आम्ही तिला न्यायचो. त्यांनी सांगितलं, घरात तिचं लक्ष खिळेल असं काहीतरी जिवंत ठेवा आणि तिला सारखं काहीतरी विचारत राहा. विचारायचं आणि थांबायचं. उत्तराची जागा रिकामी सोडायची, आपण ती भरायची नाही.

माझी बायको कौमुदी सांगलीची. तिची मराठी घासलेल्या पातेल्यासारखी लख्ख. मी रायपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला, आजोबा वर्धेकडून आलेले. माझ्या तोंडी मले-तुले, काहून, आणि दर दोन शब्दांमागे एक हिंदी. लग्न झाल्यापासून ती मला यावरून हसते. तिला रायपूरशेजारी वसवलेल्या नव्या राजधानीतल्या एका संस्थेत नोकरी लागली, क्वार्टर मिळालं, म्हणून आम्ही पुण्याहून इकडे आलो होतो, आणि येतानाच तिनं बजावलं होतं की मंजूशी तरी शुद्ध बोलत जा. चार भाषांचा काला कानावर पडतो म्हणून पोरगी गोंधळली आहे, असं तिचं म्हणणं. मला ते लागायचं. पण पोरीच्या बाबतीत वाद घालायची हिंमत नव्हती. तरी आम्ही बापलेक दोघंच घरात असलो की माझी जीभ घसरायचीच.

तर बाईंच्या सांगण्यावरून काचेची टाकी आली, मासे आले, आणि दोन-तीन दिवसांत सगळे उताणे तरंगले. पाण्याचा दोष. नव्या सेक्टरमध्ये तेव्हा बोअरचं पाणी यायचं, नळाच्या तोंडाला पांढरा थर धरायचा. शहरात पंडरी बाजाराच्या पुढच्या मासेवाल्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आरओ लगवाओ भैया. उसका पाइप सीधे टंकी में. लेकिन एकदम प्योर मत डालना, थोड़ा नल का मिलाते रहना. बिल्कुल शुद्ध पानी में मछली जीती नहीं."

२

यंत्र बसवायला नीलकंठ नावाचा माणूस शहरातून मोटरसायकलवर आला. कौमुदी ऑफिसला गेली होती. सकाळी मंजूला सांभाळणारी, जवळच्याच गावातली कमलाबाई नुकतीच घरी गेली होती. मी शिफ्ट करून आलो होतो, अंगावर मिलची काळी धूळ तशीच होती.

काम सोपं होतं. सिंकच्या वर यंत्र टांगायचं. नळाचं पाणी एका नळीनं आत जाणार, आतली मोटर ते दाबानं गाळणीतून ढकलणार. स्वच्छ पाणी दुसऱ्या नळीनं भिंतीतल्या भोकातून हॉलमधल्या टाकीत. गाळणीनं अडवलेलं सगळं, क्षार, गाळ, काय असेल ते, तिसऱ्या बारीक नळीनं सिंकमध्ये. टाकी भरली की तिच्यातला फ्लोट वर येऊन पाणी अडवणार, आणि मोटर आपोआप थांबणार. मला अशी यंत्रं आवडतात. त्यांच्या प्रत्येक आवाजाला कारण असतं.

नीलकंठनं भिंतीला भोक पाडलं, नळ्या जोडल्या, आणि मला म्हणाला, मोटर सुरू करा. मी बटण दाबलं. यंत्र गुरगुरायला लागलं. तो हॉलमध्ये टाकीपाशी उभा असणार असं धरून मी कामाच्या भरात मराठीतच ओरडलो, "आलं का पाणी?"

"हव," हॉलमधून उत्तर आलं.

हव म्हणजे छत्तीसगढीत हो. इथं दुकानदार, ड्रायव्हर, कमलाबाई, सगळे दिवसभर हेच म्हणतात. मी समाधानानं हात पुसले. तेवढ्यात बाहेरचं दार उघडून नीलकंठ जिन्यावरून आत आला.

"ऊपर का वाल्व अभी खोला हूं साहब," तो म्हणाला. "अब देखो, अब आएगा पानी."

हॉलमध्ये मंजू एकटीच होती. टाकीसमोर फरशीवर मांडी घालून, नाक काचेला लावून. टाकीतल्या नळीतून पाणी आलं नव्हतं. मी बघत असतानाच नळीनं दोन बुडबुडे सोडले आणि मग धार लागली.

मी पोरीला उचललं. माझे काळे हात तिच्या फ्रॉकला लागले तरी मला भान नव्हतं. "तू बोलली का गं? मंजू, तू बोलली?" ती माझ्या खांद्यावरून टाकीकडे बघत राहिली. नीलकंठ अवघडून हसला आणि हत्यारं पिशवीत भरायला लागला.

मी कौमुदीला फोन केला. "ती बोलली," म्हटलं. "हव म्हणाली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"काय हवं होतं तिला?"

"पाणी," मी म्हणालो. प्रश्न पाण्याचाच होता. ती रडत रडत हसली, मीही हसलो. आपण दोघं एकाच शब्दाबद्दल बोलतोय की नाही, असा विचार त्या वेळी कुणाच्या मनात येणार?

३

त्या आठवड्यात आम्ही वेड्यासारखे प्रश्न विचारत सुटलो. समोर बसून विचारलं तर मंजू नुसती बघायची. पण स्वयंपाकघरातून, पाठ फिरवून विचारलं, आणि यंत्राची मोटर चालू असली, की उत्तर यायचं.

"मंजू, भूक लागली का तुले?"

"हव."

धावत जाऊन बघावं तर तोंड मिटलेलं, नाक काचेला. शंकर नगरच्या बाई म्हणाल्या, काही मुलं लाजरी असतात, कुणी बघत नसलं की बोलतात. तोंडाकडे बघू नका, टक लावू नका. मग आम्ही बघणंच सोडलं. दोघंही सिंककडे तोंड करून उभे राहायचो, भिंतीला प्रश्न विचारायचो आणि पाठीमागून येणाऱ्या उत्तरानं सुखावायचो. आता आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र कौमुदी आनंदानं माझा हात घट्ट धरायची.

मोटरच्या घरघरीत तो आवाज पोरीचाच वाटायचा. जरा ओला होता, सर्दी झाल्यासारखा. आता ज्या लेकराचा शब्दच कधी ऐकला नाही, त्याचा शब्द कसा असावा हे आपण कुठून ठरवणार?

नवे मासे जगले होते. फक्त ते टाकीभर फिरत नव्हते. जिथून नळी आत यायची त्या कोपऱ्यात सगळे गोळा होऊन, नळीकडे तोंड करून, जागच्या जागी पर हलवत असायचे. मी म्हटलं, ताजं पाणी येतं, त्यात हवा जास्त असेल. मासेवाल्यानं सांगितल्याप्रमाणे मी अधूनमधून तांब्याभर नळाचं पाणी मिसळायचो. कौमुदीला ते पटायचं नाही. एवढं शुद्ध केलेलं पाणी, त्यात पुन्हा घाण कशाला?

मग एके दिवशी कमलाबाई काम सोडते म्हणाली. पगाराचं नाही, पोरीचंही काही नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती दारातच उभी राहिली, आत येईना.

"ओ नल ह गोठियाथे साहब," ती म्हणाली. तो नळ बोलतो.

"नळ नाही, आमची पोट्टी बोलते," मी हसून म्हटलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझं हसू जागच्या जागी राहिलं. हव म्हणाली आणि गेली.

४

कमलाबाई गेल्यावर मी संध्याकाळी सुरू होऊन पहाटे सुटणारी शिफ्ट मागून घेतली. म्हणजे दुपारपर्यंत मंजू माझ्याकडे, नंतर कौमुदी लवकर घरी. दिवसाउजेडी त्या घरात जेवढी शांतता असायची तेवढी मी कुठंच ऐकलेली नाही. आमच्या इमारतीत खालचं क्वार्टर कुलूपबंद, वरचंही कुलूपबंद, खिडक्यांना अजून पांढरे पट्टे चिकटवलेले. बाहेर रुंद रस्ता, दुभाजकावर काठ्यांना बांधलेली रोपं, आणि माणूस नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली होती. उत्तर कधीच 'नाही' यायचं नाही. भूक लागली का, हव. पोट भरलं का, हव. बाहेर जायचं का, हव. घरीच थांबायचं का, हव. लहान मुलं तशीही करतात, असं मी स्वतःला समजावलं. आणखीही एक गोष्ट होती, ती मात्र मी लक्षात आणूनच दिली नाही स्वतःला. मंजूचं गुणगुणणं कमी झालं होतं.

त्या दुपारी ती माझ्या खांद्यावर झोपली होती. मी तिला घेऊन बाल्कनीत फेऱ्या मारत होतो. तिचा श्वास माझ्या मानेला लागत होता, लाळेनं शर्टाचा खांदा ओला झाला होता. आत मोटर सुरू झाल्याचं ऐकलं. त्याच वेळी काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, कौमुदी आली. मी बाल्कनीतूनच विचारलं, "आली का तू?"

"हव," हॉलमधून उत्तर आलं.

मी तसाच उभा राहिलो. पोरीचं तोंड माझ्या मानेत होतं. मोटरची घरघर ऐकू येत होती, तिच्या मागं पाण्याची धार. मी आत गेलो. दाराला आतून कडी होती. हॉलमध्ये कुणी नव्हतं. टाकीतले मासे आता नळीकडे नव्हते. समोरच्या काचेला येऊन, ओळीनं, ते माझ्याकडे बघत होते. किंवा मंजूकडे. माशांचं काय, कुठंही बघतात.

माझं डोकं मिलमध्ये घडलेलं आहे. मी कारणं मोजायला लागलो. पाइपात हवा अडकली की आवाज येतो. वरच्या टाकीपासून खालपर्यंत एकच पाइप, दुसऱ्या इमारतीतलं बोलणंही त्यातून येऊ शकतं. ह आणि व, दोन अक्षरं, कुठल्याही वाफेच्या व्हॉल्व्हला म्हणता येतील. हे सगळं मी मोठ्यानं बोलत होतो हे मला मागाहून कळलं. बोलता बोलता शेवटी म्हणालो, "पाइपच आहे ना?"

"हव."

मंजू जागी झाली आणि रडायला लागली. तोंड उघडलं, डोळे मिटले, नाक लाल झालं, उचक्यांनी सगळं अंग हललं. आवाज मात्र अगदी बारीक होता, शेजारच्या घरातून यावा तसा.

मी यंत्राचं बटण बंद केलं आणि नळाची चावीही फिरवली.

५

कौमुदी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून ऐकत होती. मला वाटलं घाबरेल. ती चिडली.

"चार वर्षांनी पोरगी बोलायला लागली तर तू यंत्र बंद करतोस?"

"पोरगी बोलून नाही राहिली कौमुदी. ती माझ्या खांद्यावर झोपली होती."

"झोपेत बोलली असेल."

"हॉलमधून? आणि काहीही विचार, ते हवच म्हणते. एक वेगळा शब्द ऐकला का तू?"

"तुला ऐकूच येत नाही नीट," ती म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला, मऊ झाला. "ती हो म्हणतच नाही रे. ती विचारते."

"काय विचारते?"

"हवं? असं. शेवटी वर जातो तिचा आवाज. हवं? माझी आजी अशीच विचारायची, लाडूचा डबा पुढं करून."

ऑफिसात कुणी 'हव' म्हटलं तर कौमुदीला कळत होतंच की. पण स्वतःच्या पोरीच्या तोंडी तिनं स्वतःची भाषा ऐकली होती. मी माझी ऐकली होती. एकाच सिंकपाशी, एकमेकांचा हात धरून, आम्ही दोघं दोन निरनिराळे शब्द ऐकत होतो. मी विचारत होतो आणि ते मला होकार देत होतं. तिला मात्र ते काहीतरी देऊ करत होतं.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? हवं म्हटलं. रोज म्हणते."

"काय हवं?"

"तिचं बोलणं. नीट, स्वच्छ, शुद्ध बोलणं हवं, असं म्हणते मी." तिचे डोळे भरून आले होते. "दुसरं काय मागणार आहे मी?"

मी म्हटलं, उद्या नीलकंठला बोलावतो, यंत्र काढून टाकू. मंजू आमच्या दोघांच्या मध्ये फरशीवर बसून बंद यंत्राकडे बघत होती. तिच्या गालावरचं पाणी कौमुदीनं पदरानं पुसलं. पोरगी कधीपासून रडत होती ते आम्हाला दोघांनाही ऐकू आलं नव्हतं.

मला शिफ्टला जायचं होतं. मी गेलो. आजही मला कळत नाही, मी कसा गेलो.

६

पहाटे परतलो तेव्हा दोघी झोपल्या होत्या, मीही अंगावरचे कपडे न बदलता पडलो. जागा झालो तेव्हा चांगलं फटफटीत उजाडलं होतं आणि मोटर चालू होती.

कौमुदीनं रजा घेतली होती. ती हॉलमध्ये दिवाणावर बसली होती, केस न विंचरता, आणि तिचा चेहरा लग्नातल्यासारखा फुलला होता. तिनं मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि मंजूला म्हणाली, "सांग बाबांना."

मंजू टाकीपुढं उभी होती. ती माझ्याकडे वळली.

"बाबा, तुम्ही आज फार उशिरा उठलात," ती म्हणाली. "आईनं पोहे झाकून ठेवले आहेत."

ओठ बरोबर हलत होते. मी तेच बघत होतो, दुसरं काही नाही. एकेक अक्षर जागच्या जागी, श स्वच्छ, र स्वच्छ. चार वर्षांच्या पोरीचा बोबडेपणा नाही, अडखळणं नाही. आवाज गोड होता. त्यात काहीतरी नव्हतं, पण काय नव्हतं ते मला सांगता येईना. ते ऐकून मी रडलो. खोटं कशाला सांगू, आधी मी आनंदानंच रडलो, गुडघ्यांवर बसून तिला जवळ घेतलं. असा दिवस बघण्यासाठी आम्ही काय काय केलं होतं.

"काय खाल्लं गं तू?" मी विचारलं.

"खाल्लंस," तिनं सांगितलं. "तू काय खाल्लंस, असं म्हणावं बाबा."

कौमुदी टाळी वाजवून हसली. तिनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं आणि पोटाला गुदगुल्या केल्या. मंजूला गुदगुल्या केल्या की ती सगळं घर डोक्यावर घ्यायची. आता तिनं तोंड उघडलं, डोळे मिटले, खांदे गदागदा हलले, पाय झाडले. आवाज नव्हता. मोटर तेवढी ऐकू येत होती. मग तिनं तोंड मिटलं आणि शांतपणे म्हणाली, "मला गुदगुल्या होतात."

मी कौमुदीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

७

मी तोंड धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. यंत्राची बारीक नळी सिंकमध्ये पाणी सोडत होती, गाळणीनं अडवलेलं, टाकून द्यायचं पाणी. मी नळाला हात लावला आणि थांबलो. सिंकच्या जाळीखालून कुणीतरी घशातल्या घशात गुणगुणत होतं.

ते गुणगुणणं मला पाठ आहे. चार वर्षं मी ते ऐकत होतो. मी वाकलो, कान जाळीजवळ नेला. गुणगुणणं थांबलं आणि रडणं सुरू झालं, उचक्या देत, अधूनमधून श्वास ओढत. अंधारात हरवलेलं मूल जसं आधी थोडं थांबून, कुणी येतंय का ते ऐकून पुन्हा रडतं, तसं. मग त्या उचक्यांमधून एक शब्द आला. अर्धा फुटलेला, बोबडा, माझ्याच तोंडून ऐकून शिकलेला.

"मले," ती म्हणाली. "मले... मले..."

पुढचं तिला येत नव्हतं.

जाळीखालचं पाणी जरा वर चढलं. एका भोकापाशी आतून काहीतरी मऊ, गुलाबी येऊन टेकलं आणि मागं गेलं. बोटाचं टोक असेल. ओठ असतील. मी जाळी उचकटायला गेलो, नखं तुटली, जाळी हलली नाही. मी कौमुदीला हाक मारली. ती आली, माझ्या शेजारी उभी राहिली, वाकली. तिनं ऐकलं. तिचा चेहरा उतरला, तोंडाचा रंगच गेला, आणि मग तिनं हात पुढं करून सिंकचा नळ पूर्ण सोडला. पाण्याचा एवढा आवाज झाला की खालचं काही ऐकू येईना.

"केवढं पाणी वाया जातं या यंत्रात," ती म्हणाली आणि हॉलमध्ये निघून गेली. थोड्या वेळानं तिकडून गोष्टीचा आवाज आला. मंजू तिला गोष्ट सांगत होती, न थांबता, न चुकता.

मी नळ बंद केला. माझा हात यंत्राच्या बटणाकडे गेला होता. मोडून, उचलून खाली फेकून द्यावं असं वाटत होतं. पण कालही मी ते बंद केलं होतं, आणि बंद असताना या जाळीखालून काहीच आलं नव्हतं. मी हात मागं घेतला. वाकून जाळीशी तोंड नेलं आणि म्हणालो, "मी आहो बापा. इथंच आहो. रडू नको." विचारलं काहीच नाही. आता या घरात मी कुणालाच काही विचारणार नव्हतो.

रडणं जरा कमी झालं. पुन्हा ते गुणगुणणं लागलं, आणि मी डोळे मिटून ऐकत राहिलो. मग खट्ट आवाज झाला आणि मोटर थांबली. नळीची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, बंद पडली. खालचं गुणगुणणंही गेलं.

टाकी भरली होती.

मी बादली आणि तांब्या घेऊन हॉलमध्ये धावलो. टाकी काठोकाठ होती, पाणी इतकं स्वच्छ की ते आहे की नाही कळू नये, आणि मासे तळाशी आडवे पडले होते. मी तांब्या बुडवून पाणी बादलीत काढायला लागलो. कौमुदी दिवाणावर हात मांडीवर ठेवून बसली होती. मंजूनं गोष्ट थांबवली आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, आता पुरे करा," ती म्हणाली.

मी बादली भरली, बाल्कनीत नेऊन खाली ओतली, आणि परत येऊन पुन्हा तांब्या बुडवला. फ्लोट खाली आला. आत मोटर सुरू झाली तशी मी तांब्या तिथंच टाकला आणि सिंककडे पळालो.